धूळ कोरडी आहे तोवर

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी भाचीचा फोन आला. लग्न ठरल्यापासून तिचे फोन वाढले होते. कधी मेंदीवालीविषयी, कधी कार्यालयाच्या भाड्याविषयी. या खेपेला आवाजात लाडीगोडी होती. "आत्या, पणजीची पैठणी तुझ्याकडेच आहे ना? मला लग्नात नेसायचीय. आमच्या कोपऱ्यावर चांगला लाँड्रीवाला आहे, ड्रायक्लीन करून घेते. चार दिवसांत नव्यासारखी होईल बघ."

'नव्यासारखी' हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. "त्या ट्रंकेला कुणी हात लावायचा नाही," असं मी इतक्या जोरात म्हणाले, की पलीकडे एकदम शांतता पसरली. पोरीला वाटलं असेल, म्हातारीचा जीव पैठणीत अडकलाय. तसं नव्हतं. माझा जीव अडकला होता तो तीस वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हातानं केलेल्या एका स्वच्छतेत.

ती हकिकत आधी सांगते.

१९९४ साली वडील गेले. दिवसकार्य आटोपल्यावर वाईचं घर आवरायला मी आणि भाऊ गेलो. माळ्यावर आजीची पत्र्याची ट्रंक होती. आत मलमलीत गुंडाळलेली तिची लग्नातली पैठणी, आणि ट्रंकेवर फाटक्या फडक्यात बांधलेला पत्रांचा गठ्ठा. आजोबा रेल्वेत मालधक्क्यावर कारकून. बदल्या मनमाड, भुसावळ, दौंड अशा. आजी मुलाबाळांना घेऊन वाईत. त्यामुळे संसार चालला तो पत्रांवर. गठ्ठ्यावर कौलांतून झरलेली कित्येक पावसाळ्यांची माती बसली होती.

वरचंच पत्र मी उचललं. १९४३ सालचं. वडील तेव्हा पंधरा वर्षांचे. त्यांना पुण्याला शिकायला ठेवायचं चाललं होतं आणि पैशांची ओढाताण होती. चार ओळी लागल्या. ख्यालीखुशाली, धान्याचे भाव, आणि मग: "पैठणी मोडण्याविषयी लिहिलेस, तरी". पुढची ओळ धुळीखाली होती. त्या काळी जुन्या पैठण्या विकत घेऊन, जाळून, जरीतली सोनं-चांदी काढणारे व्यापारी असत. म्हणजे आजीनं नवऱ्याला विचारलं होतं, मुलाच्या शिक्षणासाठी पैठणी विकू का?

मी तेव्हा बँकेत अधिकारी होते. टेबलावर कागदाची चळत वाकडी दिसली तरी मला चैन पडत नसे. मनात म्हटलं, आधी नीट स्वच्छ करू, मग निवांत वाचू. एक जुना पंचा पाण्यात बुडवला, घट्ट पिळला आणि तीन-चार पत्रं पुसून काढली.

आजोबांनी ती पत्रं कॉपिंग पेन्सिलीनं लिहिली होती. तरुण वाचकांना ही वस्तू ठाऊक नसेल. दिसायला साधी पेन्सिल. पण तिच्या शिशात ग्राफाइटबरोबर जांभळा रंग मिसळलेला असे. कोरडं असताना अक्षर करडं दिसे, ओल लागली की गडद जांभळं होई. मग ते खोडता येत नसे, म्हणून रेल्वेत, पोस्टात, बँकांत तिचा सर्रास वापर. टोक जिभेला लावून लिहिणारे जुने कारकून ओठांवरच्या जांभळ्या डागावरून ओळखू येत. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये तसल्या अक्षरांची व्हाउचरं मी शेकड्यांनी हाताळली होती. मला हे माहीत असायला हवं होतं. पंचा फिरला आणि करड्या ओळींतून जांभळा रंग सुटला. मी घाबरून आणखी पुसलं. पाच मिनिटांत चार पत्रांचे चार जांभळे ढग झाले. वडिलांना विचारावं, तर त्यांचे दिवस होऊन आठवडाही झाला नव्हता.

'तरी'च्या पुढे आजोबांनी काय लिहिलं होतं, ते आता कुणालाच ठाऊक नाही.

उरलेली पत्रं घेऊन मी पुण्यातल्या एका जुन्या संस्थेत गेले. तिथं कागदपत्रांची निगा राखणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी जांभळी पत्रं पाहिली, चश्मा काढून ठेवला आणि एवढंच म्हणाले, "बाई, धूळ कोरडी आहे तोवर पाहुणी असते. भिजली की घरजावई होते." पुढे दर शनिवारी, बँक अर्धा दिवस असे तेव्हा, मी त्यांच्यापाशी जाऊन बसत असे. जे थोडंफार शिकले ते त्यांच्याकडून.

आपल्याकडे स्वच्छता म्हणजे पाणी. अंगणात सडा, पायावर पाणी, देवाला अभिषेक, कपड्याला धोपटणं. कोरडी स्वच्छता आपल्याला अर्धवट वाटते. पण काकांनी धुळीचं गणित समजावून सांगितलं. धूळ म्हणजे मातीचे बारीक कण, काजळी, धागे, तेलकट धूर. कोरडी असताना ती वस्तूच्या पृष्ठावर नुसती बसलेली असते. पाणी लागलं की तिचा चिखल होतो, आणि पाण्याबरोबर तो कागदाच्या तंतूंत, कापडाच्या धाग्यांत शिरतो. वाळल्यावर पाणी जातं, चिखल राहतो. पाणी जिथवर पोचलं तिथं मळाची तपकिरी किनार उमटते, ती वेगळीच.

शिवाय ज्यानं लिहिलं ते अक्षरही पाण्याला भितं. मोडी कागदपत्रं काजळाच्या शाईची. ती उन्हानं फारशी फिकी होत नाही, दोन-दोनशे वर्षं काळीभोर राहते. पण काजळ कागदाला धरून असतं ते डिंकामुळं, आणि डिंक पाण्यात विरघळतो. जुनी पत्रं उलगडताना बोटांना कधी कधी वाळूचे कण लागतात. शाई टिपायला त्या काळी अक्षरांवर वाळू टाकत, तिचे ते उरलेले कण. ते जोरात घासले तर कागदाला ओरखडे पडतात. म्हणजे पाणी नको, तसा जोरही नको.

मग करायचं काय? काकांची पद्धत घरात कुणालाही जमेल अशी आहे. टेबलावर पांढरा कागद अंथरायचा, म्हणजे किती मळ निघतो ते दिसतं आणि सुटलेला तुकडाही हरवत नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. अंगठ्या काढायच्या, बांगड्या काढवत नसतील तर मनगटावर रुमाल बांधायचा. मऊ केसांचा रुंद ब्रश घेऊन मधून कडेकडे, एकाच दिशेनं, पिसासारखा फिरवायचा. जिथं कागद फाटला आहे तिथं फाटीच्या दिशेनं जायचं, विरुद्ध नाही. नाहीतर ब्रशचे केस अडकून फाट वाढते. एवढ्यानं बराचसा मळ जातो. मोकळ्या समासावर चिकटून राहिलेल्या मळासाठी पांढरा मऊ खोडरबर किसणीवर किसायचा, तो कीस कागदावर पसरून बोटांच्या टोकांनी हलकेच गोल फिरवायचा आणि ब्रशनं झाडून टाकायचा. पेन्सिलीच्या, रंगाच्या किंवा सुटत चाललेल्या अक्षरांवर हे मुळीच करायचं नाही. आणि कागद भाजलेल्या पापडासारखा कुरकुरीत झाला असेल, तर ब्रशही ठेवून द्यायचा.

खोडरबराचीही गंमत आहे. पूर्वी युरोपात पेन्सिलीच्या रेघा आणि कागदावरचा मळ काढायला पावाचा मऊ गर वापरत. १७७० साली जोसेफ प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञानं, पेन्सिलीच्या खुणा पुसायला एक नवा चिवट पदार्थ उत्तम आहे, अशी नोंद केली. तो पदार्थ म्हणजे रबर. पाव आता कुणी वापरत नाही, कारण त्याचे कण मागे राहतात आणि ते खायला किडे येतात.

किड्यांवरून आठवलं. बँकेत आम्ही 'कसर' हा शब्द हिशेबातल्या तुटीसाठी वापरायचो. काकांच्या तोंडी तो कागद-कापड खाणाऱ्या किडीसाठी. दोन्ही लागतात तेव्हा कळत नाहीत आणि कळतात तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्या लोकांनी यावर उपाय शोधले होतेच. कागद रुमालात घट्ट बांधून ठेवायची रीत इतकी रुजली, की पेशवे दफ्तरातल्या गठ्ठ्यांना आजही 'रुमाल' म्हणतात. तंजावरला सरफोजीराजे भोसल्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी, काळं जिरं यांच्या पुडीत कापूर घालून त्याच्या पुरचुंड्या पोथ्यांजवळ ठेवण्याची परंपरा आहे. आजचे जाणकार आणखी एक उपाय सांगतात, तो म्हणजे थंडी. कीड लागलेला कागद किंवा कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. फ्रिजमधला वरचा छोटा बर्फाचा कप्पा यासाठी पुरत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच बंद ठेवायची. घाईनं उघडली तर हवेतली ओल थंड वस्तूवर जमते आणि ज्या पाण्यापासून वाचवत होतो तेच तिला भेटतं. काचेच्या निगेटिव्ह आणि जुने फोटो मात्र फ्रीझरमध्ये घालू नयेत.

आता पैठणीकडे येते.

रेशमाला पाणी फारसं लागत नाही, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. सोवळ्याचं सुती धोतर किंवा लुगडं रोज धुऊन, कुणाचा स्पर्श होऊ न देता वाळवावं लागे. रेशमी मुकट्याला, पीतांबराला रोजच्या धुण्याची गरज नसे. कारण धर्माचं सांगत, पण त्यात रेशमाच्या स्वभावाची ओळखही असावी. सूत भिजलं की बळकट होतं. रेशीम भिजलं की दुबळं होतं. जुन्या रेशमाचा रंग सुटतो, आणि पैठणीत तर गर्द रंगाला लागूनच दुसरा गर्द रंग असतो. पदरावरचे मोर, वेली वेगवेगळ्या रंगांचे आडवे धागे हातानं गुंफून विणलेल्या असतात. जुनी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली. मुलामा झिजला की चांदी उघडी पडते आणि हवेतल्या गंधकानं काळवंडते. तो काळेपणा मळ नव्हे, ती चांदीच बदललेली असते. चिंचेच्या कोळानं तांब्या लख्ख होतो, म्हणून जरीलाही कोळ लावून पाहणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. तांब्या दणकट असतो. जरीची तार केसासारखी बारीक. उजळण्याच्या नादात उरलासुरला मुलामाही जातो.

"पण आत्या, ड्रायक्लीनिंगमध्ये पाणी नसतंच की," भाची म्हणाली. खरं आहे. पण ते नावाचंच 'ड्राय'. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या एका रंगाऱ्याच्या टेबलावर दिवा कलंडला, सांडलेल्या तेलानं टेबलक्लॉथ स्वच्छ झाला आणि हा धंदा सुरू झाला, अशी गोष्ट सांगतात. तेव्हापासून पाण्याऐवजी दुसरं काही द्रव वापरतात, इतकंच. कपडा त्यात पूर्ण भिजतो आणि यंत्रात गरगर फिरतो. या कामी जगभर वापरलं गेलेलं पर्क्लोरोएथिलीन माणसाच्या प्रकृतीलाही चांगलं नाही; अमेरिकेनं डिसेंबर २०२४ मध्ये, दहा वर्षांत ते ड्रायक्लीनिंगमधून टप्प्याटप्प्यानं काढून टाकायचा नियम केला. नव्या, दणकट साडीसाठी लाँड्रीवाल्याकडे जायला हरकत नाही. शंभर वर्षांच्या रेशमाला मात्र ते गरगर फिरणंच सोसत नाही.

"मग पैठणी कधी काढायची?" तिनं विचारलं. मी म्हटलं, कोजागरी होऊ दे. पावसाळ्यात हवेत ओल असते. तेव्हा ट्रंक उघडायची नाही, कारण बुरशीला एवढंच निमित्त पुरतं. आणि बुरशी दिसलीच तर घरात झटकायची नाही. आधी कोरड्या हवेत वाळू द्यायची, मग नाकातोंडावर मास्क बांधून घराबाहेर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून ब्रश करायची.

कोजागरीनंतर ती आली. तीन दुपारी आम्ही दोघी बसलो. मोठ्या पलंगावर धुतलेली पांढरी चादर अंथरली. पैठणी उचलायची ती दोन्ही हातांवर, झोपलेल्या बाळासारखी. टोकाला धरून नाही, कारण मग सगळं वजन एकाच जागी येतं. घरचा व्हॅक्युम क्लीनर अगदी कमी ओढीवर ठेवला, त्याच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलं आणि साडीवर नायलॉनची मऊ जाळी पसरली. तोंड साडीला टेकवायचं नाही, घासत न्यायचं नाही; बोटभर वर धरायचं, उचलायचं, पुढे न्यायचं. नऊ वार, दोन्ही बाजू. पहिल्या दुपारी भाचीनं सात वेळा घड्याळ पाहिलं. तिसऱ्या दुपारी तिचा फोन स्वयंपाकघरात वाजून वाजून थांबला, तरी ती उठली नाही.

धूळ गेली आणि जांभळ्या रेशमाखालून हिरवट झाक दिसू लागली. "धूपछाँव!" ती ओरडली. पण साडी उजेडासमोर धरली तेव्हा दोघीही गप्प झालो. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेल्या घड्यांवर रेशीम विरलं होतं. रेघेरेघेनं जाळी पडली होती. नेसून एक निरी घातली असती तरी टर्रकन फाटली असती.

"म्हणजे नाहीच नेसता येणार?"

"नाही गं."

तिचे डोळे भरून आले. मग मी ती जांभळी पत्रं काढली. आजवर कुणाला दाखवली नव्हती. तिनं '१९४३' वाचलं, धान्याचे भाव वाचले, 'तरी'पाशी येऊन थांबली. पत्र तिरपं धरून, खिडकीशी नेऊन पाहिलं. मग म्हणाली, "पुढे 'मोडू नकोस' असेल आत्या. पैठणी आहे ना अजून!"

"किंवा 'तुझ्या मर्जीनं कर' असेल, आणि आजीनंच मोडली नसेल," मी म्हटलं. "दोन्ही होऊ शकतं. मला ते कळायला हवं होतं. मी पुसलं."

थोडा वेळ आम्ही बसून राहिलो. पदराच्या काठाशी बोटाएवढा पिवळा डाग होता. हळदीचा. भाचीनं विचारलं, "हा तरी जाईल का?" मी नाही म्हटलं. धूळ बाहेरून आलेली असते, ती काढायची. हा डाग आजीच्या हाताचा असेल, किंवा तिला ओवाळणाऱ्या कुणाचा. आपण पुसला तर त्याच्याबरोबर काय जाईल हे सांगता येत नाही. इतकं तर मी शिकले होते.

ज्यांच्या घरात असं काही मोलाचं आहे आणि आपल्या हातून निभणार नाही असं वाटतं, त्यांनी जाणत्यांना विचारावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, 'इंटॅक'सारखी संस्थाही हे काम करते. पण त्याआधीचं काम घरातच करता येतं. ऊन दाखवायच्या नावाखाली रेशीम भर उन्हात टाकू नये; सावलीत वारा द्यावा. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नयेत, मुलं वावरतात तिथं तर ठेवूच नयेत. साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत ठेवावी. नळीवर गुंडाळणं सर्वांत चांगलं, पण साडीच्या पन्ह्याहून लांब नळी ठेवायला फ्लॅटमध्ये जागा नसते. मग प्रत्येक घडीत मलमलीची सैल वळकटी घालावी, म्हणजे कडक दुमड पडत नाही. आणि वर्षातून दोनदा घडीची जागा बदलावी.

मार्गशीर्षात लग्न झालं. भाची येवल्याची नवी पैठणी नेसली होती, छान दिसली. जुनी पैठणी माझ्याकडेच राहिली.

परवा चैत्रात ती एकटीच आली. चहा घेतला आणि हात धुऊन, खसखसून पुसून म्हणाली, "चल, घडी मोडायची ना?" नवी साडी पहिल्यांदा नेसण्याला आपण घडी मोडणं म्हणतो. शंभर वर्षांच्या पैठणीची घडी मोडायला आलेली ही पहिलीच मुलगी असावी. आम्ही साडी उलगडली, वारा दिला, जुन्या रेघा टाळून नव्या घड्या घातल्या. मी बँकेतल्या सवयीनं एक वही ठेवली आहे. तारीख, घडी कुठून कुठं हलवली, कुठं नवं विरलं. या वेळी ती नोंद तिनं केली, आणि खाली सही.

साध्या शिसपेन्सिलीनं. ते मी आधी पाहून घेतलं होतं.